नववी ‘ब’च्या तेवीस मुली

११ नोव्हेंबर, सोमवार

मुलांचे फॉर्म संपले एकदाचे! चार शाळा, दोनशे आठ पोरं. आणि काय तो दंगा! मी प्रश्न वाचायचा अवकाश — ‘मोबाईलवरचा खेळ थांबवायला सांगितलं की राग येतो का?’ — मागच्या बाकावरून आवाज, “सर, ‘नेहमी’च्या पुढे काही नाही का?” बारा प्रश्न. खेळामुळे झोप कमी होते का, जेवण चुकतं का, घरच्यांपासून लपवता का, खेळत नसतानाही डोक्यात तेच असतं का. कधीच नाही, कधीतरी, बरेचदा, नेहमी. शून्य, एक, दोन, तीन. बेरीज वीसच्या वर गेली की आमच्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडम आठ दिवसांत त्या घरी फोन करतात आणि आईबापांना बोलावून घेतात. पालकांच्या संमतीच्या सह्या शाळेत आधीच घेतल्यात, तेवढ्यासाठीच. वीसच्या खाली, फोन नाही. एका पठ्ठ्याने आज छत्तीसपैकी छत्तीस करून दिले आणि वर विचारतो, “पहिला आलो ना सर?”

सर! मला! कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला लाथ मारून घरी बसलेल्याला!

हसलो नाही मात्र. दीड वर्षापूर्वी हाच कागद मॅडमनी माझ्यापुढे सरकवला होता. माझे चौतीस आले होते. बाबांनी मोबाईल फरशीवर आपटला तो आवाज अजून कानात आहे. मग सहा महिने मॅडमकडे पेशंट म्हणून, आणि आता त्यांच्याकडेच नोकर म्हणून. रोज वहीत चार ओळी लिहायच्या ही पण त्यांचीच गोळी. चालू आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्याबरोबर काम करणारी ती चष्मेवाली आज केसांत पेन्सिल खोचून विसरली आणि दिवसभर तीच पेन्सिल शोधत होती. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काढली असती.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आमचं काम असं — मी आकडे वाचायचे, चष्मेवालीने टाइप करायचे. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर मागची खोली. एक पंखा, दोन टेबलं, लोखंडी कपाट, सगळीकडे रबरबँड. मी म्हणतो, “एकशे बारा. दोन, तीन, तीन, एक...” ओळ संपली की ती म्हणते, “पुढे.” एवढंच. दिवसाला दोनशे वेळा. लोक ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणतात त्याचं मला काही नाही. कुणी तिच्यासारखं ‘पुढे’ म्हणून दाखवावं!

मुलींचे फॉर्म वाचताना मात्र कंटाळा येतो. शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य. ती म्हणाली, “किती शहाण्या ना या?” मी म्हटलं, “मुली काय खेळणार!” तिने चष्म्यावरून बघितलं. ‘पुढे’ पण म्हणाली नाही. मीच पुढे वाचलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं अडलंय ते नववी ‘ब’वर! बाकी सगळ्या वर्गांचं झालं, या एका वर्गातल्या तेवीस मुलींचं राहिलं. मी गेलो तर वर्ग रिकामा. मुली कवायतीला, मैदानावर. वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या, “कोरे फॉर्म ठेवून जा. मी भरून घेते सवडीने.” सवडीने! शनिवारी सकाळी मॅडमना सगळे आकडे चर्चासत्राला पाठवायचेत आणि तिथे ते मांडणार आहे चष्मेवाली. तिचं पहिलं भाषण. एक वर्ग कमी पडला तर ती शाळाच गाळावी लागेल, आणि शाळा गाळली तर मुलींची संख्या अपुरी, आणि संख्या अपुरी तर भाषण नाही.

परत आलो तेव्हा ती टेबलावर डोकं टेकून बसली होती. रडत नव्हती म्हणे. चष्मा पुसत होती. एवढा वेळ कोण चष्मा पुसतं?

मी म्हणालो, “उद्या संध्याकाळपर्यंत आणतो.”

“बाईंनी दिले तर ना?”

“मी आणतो म्हटलं ना!”

ओरडलोच. मग दोघंही हसलो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

भरले. तेवीसच्या तेवीस.

चार वाजता शाळेत फोन केला, बाई मीटिंगमध्ये. पाचला केला, शाळा सुटली. घरी येऊन जिन्यात बसलो, जास्तीच्या कोऱ्या प्रती मांडीवर घेतल्या. नाव कुठेच लिहायचं नसतं, फक्त वर्ग आणि हजेरी क्रमांक. एक ते तेवीस. निळं पेन, काळं पेन, आलटून पालटून. कुठे खूण छोटी, कुठे लांब शेपटीची. मुली काय लिहितात ते मला पाठ झालंय. कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. अधेमधे एखादं कधीतरी. अगदी कोरडं शून्य आलं तर संशय येतो म्हणून. कुणालाच पाचाच्या वर जाऊ दिलं नाही.

पाऊण तास लागला. कुणाचं काय नुकसान झालं? खरे आले असते तरी हेच आले असते. कोणी फसलं का? कोणी नाही. मग गठ्ठा तीनदा का मोजला माहीत नाही. जिन्यात थंडी होती.

१६ नोव्हेंबर, शनिवार

वाचले मी. ती टाइप करत होती. तेवीस वेळा म्हणाली — “पुढे.”

मग खाली चहा. स्वतःहून! “आज माझ्याकडून.” कपाच्या कडेला तिच्या ओठांचा डाग. मी म्हटलं, “भाषणात घाबरू नकोस.” ती म्हणाली, “तू समोर बस. मी कुणाकडे तरी बघून बोलेन.” कुणाकडे तरी! अरे मी म्हणजे कुणी तरी का? चालेल. कुणी तरी तर कुणी तरी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

निकाल आला. मुलांमध्ये शंभरात एकतीस वीसच्या वर. मुलींमध्ये शंभरात तीन. मॅडम खूश नव्हत्या, पण दचकल्याही नाहीत. “सगळीकडे असंच येतं,” म्हणाल्या. “मुलगे खेळतात, मुली बोलतात.” वहीत तेच वाक्य लिहून घेतलं त्यांनी. मी पाहिलं.

घरी जेवताना ते वाक्य फेकलं. तज्ज्ञासारखं! धाकटीने भात कालवता कालवता माझ्याकडे बघितलं. पंधरा वर्षांची आहे, पण जीभ चाळिशीची.

“दादा, तू खेळायचास ना, तेव्हा अख्खं घर खेळायचं. तू दार आपटलंस की आई उठायची, बाबा ओरडायचे, शेजारचे बेल मारायचे. तुमचं वेड म्हणजे वरात!”

“मग? तुमचं काय असतं?”

“आम्ही दार लावत नाही. मुलीने दार लावलं की सगळे उठून बघायला येतात. आवाज बंद, मोबाईल पुस्तकात. भाजी चिरून झालेली असते, कपडे वाळत घातलेले असतात. कोण विचारतंय?”

“आवाज बंद करून कसलं खेळणं?”

“आवाज दिला की कळतं ना मुलगी आहे. मग काय काय ऐकवता तुम्ही लोक!” आईकडे बघून तिने पुढचं गिळलं. मी पण गिळलं. ऐकवायचो मी. एकदा एका खेळात कुणीतरी बारीक आवाजात ‘उजवीकडे’ एवढंच म्हणालं होतं. मग आम्ही चौघांनी त्या आवाजाचं जे काही केलं — तो आवाज परत कधी आला नाही.

मी विचारलं, “तू खेळतेस?”

“कधीच नाही,” म्हणाली. ताटाकडे बघत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेचा शिपाई आज दवाखान्याच्या फाटकात भेटला. नातवाला ताप होता म्हणून आला होता. “काय साहेब, पोरांना खेळ सोडवताय की शिकवताय?” त्याचं नेहमीचं. मग सहज म्हणाला — अगदी सहज, पावसापाण्याचं सांगावं तसं — “नववी ‘ब’ची एक पोरगी जिन्यावरून पडली हो मंगळवारी. चक्कर येऊन. इथेच आणलीय, दुसऱ्या मजल्यावर. हजेरीत सतरावी. गुणी पोर. नाकासमोर चालणारी.”

मी म्हटलं, “चक्कर कशाने?”

“अशक्तपणा. पोरींना काय, वाऱ्याची झुळूक पण पुरते.”

तिसऱ्या मजल्यावर चढताना दुसऱ्या मजल्याशी पाय थांबले. थांबायचं काही कारण नव्हतं. मुली पडतात. मी काय केलंय?

वर जाऊन गठ्ठा काढला. सतरावा फॉर्म. लांब शेपटीच्या खुणा, निळ्या. झोप कमी होते का — कधीच नाही. जेवण चुकतं का — कधीच नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पाहिलं तिला. लहान मुलांच्या वॉर्डाला बाहेरून काच आहे. खिडकीपासून दुसरा पलंग. हाताला सलाइन. कपाळावर टाका. आई शेजारी स्टुलावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती — हॉस्पिटलचे टॉवेल! रिकाम्या हाताने बसवत नसेल.

मुलगी छताकडे बघत होती. साधी मुलगी. दोन वेण्या. मला जरा हायसं वाटलं. खरंच अशक्तपणा असणार. निघणारच होतो.

मग तिचा हात दिसला. सलाइन नसलेला, चादरीवर ठेवलेला. अंगठा हलत होता.

देवा!

उजवीकडे ओढ, सोड, दोनदा टेकव. थांब. उजवीकडे ओढ, सोड, दोनदा टेकव. थांब. मला तो अंगठा माहीत आहे. तो खेळ कुठला, त्यातली कुठली जागा, भिंतीमागून वाकून नेम कसा धरायचा, सगळं माहीत आहे. माझा अंगठा असाच चालायचा. परीक्षेच्या पेपरवर. आजोबा गेले तेव्हा सगळे रडत होते, आणि माझा अंगठा पँटीच्या शिवणीवर असाच, उजवीकडे ओढ, सोड, दोनदा टेकव. बघणाऱ्याला वाटतं चाळा आहे. तो चाळा नसतो. ते आत चालू असतं. बंदच होत नाही.

झोप नाही, जेवण नाही. चक्कर. अशक्तपणा!

२३ नोव्हेंबर, शनिवार

चष्मेवालीचं भाषण झालं. मी समोर बसलो होतो. ‘मुलींमध्ये हे प्रमाण नगण्य आढळले’ हे वाक्य ती माझ्याकडे बघून बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नगण्य! त्या शब्दाबरोबर मला चादरीवरचा अंगठा दिसला.

बाहेर येऊन म्हणाली, “कसं झालं?”

“छान.”

“तोंड का असं? भूत बघितल्यासारखं?”

२४ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर घरात. धाकटी माझ्या टेबलापाशी आली, म्हणाली, “दादा, अंगठ्याला काय झालं?”

बघितलं तर टेबलाच्या कडेवर चाललाय. माझा. दीड वर्षाने.

हात मांडीखाली दाबून बसलो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

तिच्या आईला गाठलं. कूलरपाशी बाटली भरत होत्या. मी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं, म्हटलं काकू, मी वरच्या मजल्यावर असतो, बरी आहे का मुलगी?

“अशक्तपणा हो. रक्त कमी. मुलींना या वयात होतं म्हणे. शुक्रवारी अकरा वाजता सोडतायत. गोळ्या दिल्यात.”

“मोबाईल फार बघते का?”

हसल्या! “छे! तिच्याकडे मोबाईलच नाही. मागत पण नाही. आमचं सगळं रडगाणं मुलाचं होतं. त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. दरवाजे काय आपटायचा, अंगावर काय यायचा! शेवटी ह्यांनी त्याचा मोबाईल काढून घेतला. कपड्यांच्या कपाटात ठेवलाय, तळाला. सहा महिने झाले. आता सुतासारखा सरळ आलाय.”

“कपाटाला कुलूप आहे?”

“कुलूप कशाला? त्या कपाटाला मुलगा हात लावेल तर शपथ. कपडे लावायचं काम हिचं.”

बाटली भरून वाहायला लागली तरी दोघांनाही कळलं नाही. मला कळलं होतं ते वेगळंच. सहा महिने! मुलाच्या हातातून काढलं आणि मुलीच्या हाताखाली ठेवलं. कुणी वाईट केलं नाही. कुणाला सुचलंच नाही.

मग त्यांना औषधाच्या दुकानात जायचं होतं. “दोन मिनिटं बसता का तिच्यापाशी?” म्हणाल्या. एवढा भला दिसतो मी!

बसलो. ती छताकडे. अंगठा चालू. मी हळू आवाजात म्हटलं, “भिंतीमागून वाकून नेम धरतेस ना? मी डावीकडून जायचो. डावीकडे आडोसा जास्त आहे.”

अंगठा थांबला. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मोठे डोळे. मग तो हात सावकाश चादरीखाली गेला.

“मी नाही खेळत,” म्हणाली. “दादा खेळायचा.”

“मी पण खेळायचो. कॉलेज सुटलं माझं. मी कुणाला सांगणार नाही. फक्त—”

“मी नाही खेळत.”

इथे गप्प बसायला हवं होतं. उठून जायला हवं होतं. पण डोक्यात तो दहा दिवसांपूर्वीचा गठ्ठा, तेवीस खोटे कागद, आणि समोर ही पण तेच वाचून दाखवत होती — कधीच नाही, कधीच नाही. माझंच लिहिलेलं माझ्या तोंडावर! मी ओरडलो. “खोटं बोलू नकोस! अंगठा दिसतोय तुझा!”

अख्खा वॉर्ड वळला. ती भिंतीकडे तोंड करून लहान झाली, एवढीशी. सिस्टर धावत आल्या. “कोण तू? मुलीच्या अंगावर ओरडतोस?” दंडाला धरून बाहेर. मागून तिच्या आईचा आवाज, “अहो, काय झालं? काय म्हणाला तो?” आणि त्या मुलीचा, बारीक — “काही नाही गं आई. चुकून आला.”

आता मला त्या मजल्यावर बंदी आहे. बरोबरच आहे. एकच दार होतं, ते मी लाथ मारून बंद केलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

शुक्रवारी अकरा. घर. कपाट. कपडे लावायचं काम हिचं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

चष्मेवालीला सांगितलं. सगळं. जिन्यातली पाऊण तासाची बैठक, निळं पेन, काळं पेन. वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडण्याचं उत्तर देता येतं.

तिने चष्मा काढला, टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ती फार वेगळी दिसते. लहान.

“माझ्यासाठी केलंस?”

“हो.”

“मला विचारलंस?”

मी गठ्ठ्याला रबरबँड लावला.

“मी उभी राहून लोकांसमोर ‘नगण्य’ म्हणाले. तुझ्याकडे बघून. तेव्हा तुला माहीत होतं.”

“त्या मुलीचं काहीतरी करायला पाहिजे. ती शुक्रवारी—”

“ते कर,” म्हणाली. “माझं काही करू नकोस यापुढे.”

मग बऱ्याच वेळाने, टाइप करता करता, न बघता — “मला एकदा तरी विचारायचंस, मी खेळते का ते. महिनाभर समोर बसतोस.”

विचारायचं धाडस झालं नाही. आता विचारून काय उपयोग?

संध्याकाळी शाळेत गेलो. म्हटलं निदान कोरे फॉर्म परत आणतो, त्या मुलीचा खरा भरून घेता येईल. शिपाई म्हणाला, “कोरे कुठले साहेब? बाईंनी तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी भरून घेतले सगळ्या पोरींकडून. पाकीट चिकटवून कपाटात ठेवलंय. वाट बघत होत्या तुमची. तुम्ही फिरकलाच नाहीत!”

भरलेले! तेवीस! सतरावा पण — पडायच्या चार दिवस आधीचा!

बाई रजेवर, शुक्रवारी सकाळी येणार. किल्ली त्यांच्याकडे. मी कपाट फोडायला निघालो होतो. शिपायाने हाताला धरलं. “साहेब, शांत व्हा. कागद कुठे पळतात का?”

कागद नाही पळत.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमसमोर उभा राहिलो. बस म्हणाल्या, बसलो नाही. सांगितलं. त्यांनी मध्येच एकदा पेनाचं टोपण लावलं, तेवढंच. माझ्या चौतीसच्या फॉर्मच्या वेळी पण त्या अशाच ऐकत होत्या.

“उद्यापासून तू कामावर नाहीस,” म्हणाल्या. “तुला कळतंय ना का ते?”

“कळतंय. पण त्या मुलीला थांबवा.”

“कशावरून?”

“अंगठा पाहिलाय मी. मला माहीत आहे. तुम्हाला शपथेवर सांगतो—”

“अंगठ्यावरून मी एका आईला काय सांगू? आणि तू तिथे काय करून बसलायस ते सिस्टरनी सांगितलंय मला. आता मी तुझ्या सांगण्यावरून खाली गेले तर ती आई मला उभी करेल का? मुलगी नाही म्हणतेय. रक्ताचे रिपोर्ट अशक्तपणाचे आहेत.” मग खालच्या आवाजात: “पालकांची संमती फॉर्मपुरतीच आहे. तिच्या हातचा फॉर्म आण. वीसच्या वर असला तर अकराच्या आत मी स्वतः खाली जाते आणि आईला वर घेऊन येते. मग कपाट, मोबाईल सगळं बोलू. तुझी चूक तुझ्या जागी. तो फॉर्म तिच्या जागी.”

मला रडू आलं. मूर्खासारखं. म्हटलं, “असेलच वीसच्या वर. पंचवीस असेल. तीस असेल.”

“आण,” म्हणाल्या.

आईबाबांना काही सांगितलं नाही. धाकटीने विचारलं, मी म्हटलं नोकरी गेली. ती म्हणाली, “पोरीवर ओरडलास म्हणून?” तिला कुठून कळलं कोण जाणे. मग माझ्या शेजारी बसून राहिली. हातात पुस्तक. पुस्तकात काय ते मी बघितलं नाही. बघायला हवं होतं का?

उद्या आठला शाळा उघडते. पाकीट घेऊन साडेनऊपर्यंत हॉस्पिटलला पोचता येईल. ती मुलगी त्या फॉर्मपुढे एकटी बसली असेल, नाव लिहायचं नाही, कुणी बघत नाही. तिथे तरी खरं लिहिलं असेल. मी माझ्या फॉर्मवर लिहिलं होतं. कुणी विचारतंय याचंच बरं वाटलं होतं मला. तिलाही वाटलं असेल. असणारच.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पाकीट साडेनऊला मॅडमच्या टेबलावर. त्यांनी फाडलं, एकेक वाचला. चष्मेवाली लिहीत होती. शून्य, शून्य, एक, शून्य. शून्य, शून्य, शून्य. सगळ्यात वरची बेरीज पाच. सतरा नंबर — दोन.

अकराला आईने त्या मुलीला घरी नेलं.

चष्मेवालीने दोन्ही सतरा शेजारी शेजारी ठेवले. माझा आणि तिचा. दोन्हीवर निळ्या, लांब शेपटीच्या खुणा, दोन्हीची बेरीज दोन. परवापासून पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “यातला तुझा कुठला?”

मी दोन्ही उचलले. खिडकीपाशी नेले. उजेडात धरले. परत आणून ठेवले.

ओळखता येईना.